एका दगडात दोन दर्शनं

मराठी मध्यमवर्गीयाला नुसती तीर्थयात्रा रुचत नाही आणि नुसती सहल परवडत नाही. म्हणून तो दोघांचं जॉइंट अकाउंट उघडतो. मी घोडेगावच्या एका बँकेत कारकून असल्यामुळे या खात्याचा व्यवस्थापक मीच, अशी माझ्या तमाम पुणेकर आप्तेष्टांची समजूत आहे. "सकाळी लेण्याद्री-ओझर, दुपारी भीमाशंकर, येताना बिबट्या. एका दगडात दोन पक्षी! बसतंय ना?" अभयारण्याला निघालेल्या माणसाच्या तोंडी ही दगडाची आणि पक्ष्यांची भाषा!

तसं आमच्याकडे काहीही बसतं. तालुका आंबेगाव, त्याची कचेरी घोडेगावात, आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात. पण बिबट्या असा 'येताना' बसत नाही. तो उसात राहतो. रात्रीची वीज आली म्हणून बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला विचारा त्या दर्शनाचं पुण्य. तो म्हणेल, "सायेब, माझ्या वाटचंबी तुम्हीच घ्या!"

माझं खरं भांडण निराळंच आहे. देव एका रकान्यात आणि जंगल दुसऱ्या रकान्यात, ही वाटणी केली कुणी? भीमाशंकरचं अभयारण्य सरकारने जाहीर केलं १९८५ साली. पण या डोंगरांत आहुप्यासारख्या देवराया त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या आहेत. देवाच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा नियम इथल्या महादेव कोळी मंडळींनी पिढ्यान् पिढ्या पाळला. पगार नाही, पेन्शन नाही, ओव्हरटाइमही नाही! वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शिकलेल्या लोकांना या ठेवीची किंमत कळली. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर देवराई म्हणजे देवाच्या नावावरची मुदत ठेव. पूर्वजांनी व्याजावर भागवलं. आपण मुद्दलाला हात घालतो आहोत.

कारण आपण देवाला बेल वाहतो आणि रानाला वेफर्सची रिकामी पिशवी. शेकरू हा आपला राज्यप्राणी. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फूट झेप घेतो. त्याला फांदीला फांदी भिडलेलं रान लागतं. मधलं झाड गाड्या लावायला तोडलं की त्याचा हमरस्ता बंद! आणि आपण त्याच जागी गाडी लावून, हॉर्न वाजवून विचारणार, "शेकरू कुठे दिसतो हो?"

तस्मात, बेत आखायचाच तर एक देऊळ कमी करा आणि एक दिवस वाढवा. दर्शन झाल्यावर तासभर झाडाखाली गप्प बसा. ट्रान्झिस्टर, मोबाइल, मेव्हणा, सगळं बंद ठेवून! शेकरू दिसेलच अशी हमी नाही. पण गाभाऱ्यात देव प्रत्यक्ष दिसला नाही म्हणून कुणी गाडीभाडं परत मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शेकरूलाही तेवढीच सवलत द्या.