भिंतीवर जाण्याआधी

बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या भित्तिचित्रांचे काम जॉन सिंगर सार्जंटकडे १८९० मध्ये आले. पहिला भाग १८९५ साली भिंतीवर चढला, शेवटचा १९१९ मध्ये. १९२५ मध्ये सार्जंट वारला तेव्हाही मधली मुख्य जागा रिकामीच होती. आपल्याकडच्या ग्रंथालयांना एवढे थांबणे परवडणार नाही, पण उद्घाटनाच्या तारखेसाठी ओले तैलचित्र टांगणे हा चित्रावर अन्यायच! जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते सावकाश घट्ट होते. म्हणून अखेरच्या व्हार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबायची जुनी रीत आहे. डिजिटल प्रत याच मधल्या काळात काढावी, व्हार्निशची चकाकी चढण्याआधी. दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत दिवे, कडेला रंगपट्टी, मूळ फाइल टिफमध्ये. रंगपट्टी नसेल, तर पडद्यावर दिसणारा गेरू चित्रकाराचा की कॅमेऱ्याचा, हे पुढे कोण सांगणार? जलरंगाच्या चित्राला मात्र काच लागतेच. तिथे आम्लमुक्त माउंट घालून कागद काचेपासून दूर ठेवावा, कारण कोकणातल्या पावसाळ्यात ओल धरते ती नेमकी तिथेच.