एक शिट्टी, चौदा खेळ

मार्चअखेरचे दिवस, १९९१ साल. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. गावच्या कॉलेजची सगळी खाती आमच्याकडे. त्या वर्षी त्यांच्या जिमखाना खात्याचा ताळमेळ काही केल्या बसेना, म्हणून हेडक्लार्क व्हाउचरांची फाईल काखेत मारून माझ्या टेबलापाशी येऊन बसले. कागद उलटता उलटता एका व्हाउचरवर माझी नजर अडकली. 'मैदान आखणी व फक्की, रुपये नऊशे.' नऊशे रुपयांत त्या काळी साऱ्या गावाला रेघा मारता आल्या असत्या. मी तसे म्हणताच हेडक्लार्क हसले. "साहेब, ती फक्की नाही. ते आपले मेजर आहेत."

आमच्याकडे लष्करातून आलेल्या कोणत्याही माणसाला मेजर म्हणतात. हे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीत असताना बास्केटबॉल खेळलेले. सर्व्हिसेसच्या संघाने एके काळी राष्ट्रीय स्पर्धा किती वेळा जिंकल्या आहेत हे जुन्या मंडळींना आठवत असेल. लष्करात हा खेळ नीट शिकवला जाई आणि शिकलेला माणूस गावी परतला की तो खेळही ट्रंकेतून त्याच्याबरोबर येई. मेजर सकाळी साडेपाचला सायकलवरून कॉलेजच्या मैदानावर हजर असत. जुलै ते डिसेंबर, पाऊस असो वा थंडी. चेंडू तळहाताने नव्हे, बोटांनी धरायचा. चेंडूकडे नाही, माणसाकडे बघायचे. उडी मारण्याआधी खाली कसे उतरायचे ते शिकायचे. सहा महिन्यांच्या या शिकवणीचे मानधन नऊशे रुपये. पण कॉलेजच्या हिशेबात 'प्रशिक्षक' असा रकानाच नव्हता. म्हणून माणूस फक्कीत घातला गेला.

यात कोणी लबाड नव्हते, हे मुद्दाम सांगतो. हेडक्लार्कने तर नियमाला बगल देऊन त्यांना काहीतरी मिळवून दिले होते. शिवाय त्याच जिमखान्याच्या नावाने आमच्या शाखेत एक मुदत ठेव होती आणि दर वर्षी तिचे नूतनीकरण मीच करून घेत होतो. शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट गाठायचे असे. विद्यार्थ्यांकडून खेळासाठी घेतलेले पैसे व्याज खात बसले होते आणि त्याचा मला आनंद होता. या लेखात मी इतरांना जे काही बोलणार आहे, त्यातला माझा वाटा हा एवढा.

हे सगळे आत्ता आठवायचे कारण गेल्या हंगामात पाहिलेला एक आंतरमहाविद्यालयीन सामना. एका लहान कॉलेजचा मुलांचा संघ, समोर मोठ्या कॉलेजचा. चौथे सत्र, चार गुणांचा फरक, टाइमआउट. एका बाजूची मुले आपल्या बाकाकडे धावली. तिथे दोन मोठी माणसे पाटी घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूची मुलेही सवयीने बाकाकडे वळली आणि तिथे पाण्याच्या बाटल्यांखेरीज कोणी नव्हते. त्यांचे क्रीडा संचालक कुस्तीच्या प्रवेशिका द्यायला गेले होते, कारण मुदत त्याच दिवशी संपत होती. साठ सेकंद ती पाच मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. कप्तान काहीतरी बोलला. शिट्टी वाजली.

मी त्या संचालकांना दोष देणार नाही. लहान कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे पद एकच असते. त्या एका माणसाने कबड्डी, खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स, बुद्धिबळ आणि बास्केटबॉल असे डझन-दीड डझन खेळ सांभाळायचे. मूल्यांकन समितीच्या फायली भरायच्या, योगदिन साजरा करायचा, प्रवेशाच्या रांगा आवरायच्या, स्नेहसंमेलनाला खुर्च्या मोजायच्या. अनेक ठिकाणी तर हे पदही रिकामे असते आणि तासिका तत्त्वावर भरले जाते. ही तासिका काय प्रकार आहे, ते मैदानावर उभे राहून एकदा कुणीतरी मला समजावून द्यावे. पहाटे साडेपाचला ज्याने मुले पळवली त्याची तासिका कोणत्या वेळापत्रकात बसते? अशा माणसाला बास्केटबॉलचे 'प्रशिक्षक' म्हणणे म्हणजे पोस्टमास्तरला कवी म्हणण्यासारखे आहे. असू शकतो, पण पोस्टाची त्यासाठी काही तजवीज नाही.

लहान कॉलेजच्या बास्केटबॉलला स्वतंत्र माणूस हवा असे म्हटले की एक ठरलेला प्रश्न येतो. आपल्या मातीत कबड्डी-कुस्ती असताना या गोऱ्या साहेबाच्या खेळाचे लाड कशाला? मला वाटते उत्तर नेमके उलटे आहे. कुस्ती खेळणारा पोरगा कॉलेजात येतो तो तालमीतून घडून. त्याला वस्ताद मिळालेला असतो आणि वस्तादाला जगवायचे असते हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या कळते. कबड्डीचे मंडळ गल्लीत असते. बास्केटबॉलचा पोल मात्र पारनेर-पाथर्डीकडच्या खेड्यातला मुलगा बहुधा कॉलेजात आल्यावरच जवळून पाहतो. सतराव्या-अठराव्या वर्षी त्याची बाराखडी सुरू होते. ज्या खेळाला गावात वस्ताद नाही, त्यालाच कॉलेजात वस्ताद सर्वांत जास्त लागतो.

मी स्वतः असाच एक. १९७८च्या सुमारास माझी उंची पाच फूट सहा इंच होती आणि मी संघात बारावा होतो, कारण तेरावा कोणी नव्हता. मुरमाचे मैदान, गंजलेली रिंग. तीन गुणांची रेघ तेव्हा यायची होती. आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ साली आली. आम्हाला शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून आम्ही फक्त उंच मुलाकडे चेंडू द्यायला शिकलो. तो मुलगा आजारी पडला तेव्हा आमचा खेळही आजारी पडला.

आणि हा खेळ आपल्याला इतका परका तरी कुठे आहे? जेम्स नेस्मिथ यांनी तो १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या शाळेत, अठरा मुलांचा वर्ग थंडीत गुंतवून ठेवण्यासाठी काढला. फळांच्या दोन टोपल्या, तेरा नियम. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॉस्टनहून निघालेले अमेरिकन मराठी मिशन त्याआधीच, १८३१ साली, नगरला येऊन स्थिरावले होते. पुढे १९२७ मध्ये याच मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. (हेच मॅनशार्ट १९३६ साली टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेचे पहिले संचालक झाले.) नागपाड्याच्या दाट वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की तिथल्या गल्ल्यांतून भारताच्या संघात खेळाडू जाऊ लागले. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे तिथलेच.

नागपाड्यात काय होते? लाकडी फरशी नव्हती, शिष्यवृत्त्या नव्हत्या. होती ती वर्षानुवर्षे त्याच मैदानावर उभी राहणारी माणसे. बच्चू खान हे त्यांतले नामवंत प्रशिक्षक. तिथल्या महापालिकेच्या क्रीडांगणाला आज त्यांचे नाव आहे. एका पिढीचे खेळाडू पुढच्या पिढीचे शिक्षक झाले. ही साखळी एकदा तयार झाली की खर्च फार येत नाही. पण ती तयार होईपर्यंत पहिल्या माणसाला टिकवावे लागते. आम्ही जिल्ह्यात नेमके तेवढेच करत नाही. नगरला १९४७ सालापासून डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापलेले कॉलेज आहे, शहरात लष्कराची मोठी केंद्रे आहेत, तालुक्या-तालुक्याला कॉलेजे आहेत, निवृत्त जवान तर गावोगाव आहेत. साहित्य सगळे आहे, जोडणारा व्हाउचर नाही.

अमेरिकेत अगदी लहान कॉलेजच्या पुरुष संघालाही एक मुख्य प्रशिक्षक, एक-दोन सहायक आणि घोटे-गुडघे पाहणारा एक जाणकार असतो. जिथे खेळाची शिष्यवृत्ती देण्याला बंदी आहे त्या तिसऱ्या श्रेणीतसुद्धा. मी त्याची नक्कल करा म्हणत नाही. तिथेही पूर्वी हा थाट नव्हता. टाइमआउटमध्ये खेळाडूंशी बोलण्याची परवानगी तिथल्या कॉलेज-प्रशिक्षकांना १९४९ साली मिळाली. त्याआधी त्यांनी बाकावर गप्प बसायचे. आणि खुद्द नेस्मिथ हे कॅन्सस विद्यापीठाच्या साऱ्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकमेव. शिकवणे वेगळे आणि जिंकणे वेगळे, हे खेळाच्या जनकाने स्वतःच्या नावावर लिहून ठेवले आहे.

म्हणून माझी मागणी एका बँकवाल्याला शोभेल अशीच आहे. जिमखान्याच्या हिशेबात 'प्रशिक्षक मानधन' असा रकाना उघडा. जुलै ते जानेवारी, ठरलेली रक्कम, दर महिन्याला, धनादेशाने, माणसाच्या स्वतःच्या नावावर. एक निवृत्त जवान किंवा विद्यापीठाकडून खेळलेला माजी विद्यार्थी घ्या. त्याला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र वर्गाला पाठवा, तो खर्च जिमखान्याने उचलावा. संघाच्या प्रवेशिकेवर त्याचे नाव घाला, म्हणजे संचालक दुसऱ्या मैदानावर असले तरी बाकावर कोणीतरी असेल. दोन कॉलेजांना मिळून एक माणूस ठेवावा लागला तरी चालेल. पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या ठेवपावत्या काढून पाहाव्यात. कुठे असतात ते मला ठाऊक आहे.

त्या मार्चमध्ये मी मात्र यातले काहीच बोललो नाही. ताळमेळ बसला, हेडक्लार्क चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात मेजर स्वतः बचत खाते उघडायला आले. पांढरा सदरा, पायात लष्करी बूट. फॉर्म मीच भरत होतो. नाव, पत्ता झाल्यावर व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिले.

"शेती लिहा साहेब," ते म्हणाले.

मी शेती लिहिले.