नातेवाइकांचे म्हणणे वहीत नोंदवा!

साथींनो,

रुळाला गेलेला तडा आधी साहेबाला दिसत नाही. रोज तोच पट्टा चालणाऱ्या कीमनला दिसतो. वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसांचेही तसेच आहे. परंतु तेथे मुलीने "बाबा आज नेहमीसारखे नाहीत" म्हटले, की व्यवस्थापक विचारतात, "तुम्ही डॉक्टर आहात काय?"

डॉक्टर नाही, पण जन्मभर त्यांना ओळखते! म्हातारपणी न्यूमोनिया किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही. माणूस एकाएकी असंबद्ध बोलतो, जेवण टाकतो, गुंगीत राहतो, तोल जाऊन पडतो. "वय झाले" म्हणून हे सोडून दिले तर जीवावर बेतते. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत अशा बारा खुणांचे 'स्टॉप अँड वॉच' नावाचे पत्रक आहे. ते नातेवाईकही भरू शकतात. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तेथे नातेवाइकांना दारे बंद झाली, तेव्हा ही नजरही बाहेरच राहिली.

आमच्यातल्या कित्येकांना दार उघडे असूनही आत जाता येत नाही. मलिहाबादचा साथी कल्याणच्या शेडमध्ये, बाप लखनौच्या वृद्धाश्रमात. खिशात पास आहे, रजा मात्र नाही! २००७ च्या कायद्याने आईबापांना सांभाळणे मुलांवर बंधनकारक केले. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आली, तेव्हा त्याच कायद्याच्या कलम १९ ने "सरकार काढू शकेल" एवढेच म्हटले. कामगाराला सक्ती, सरकारला सवलत!

आणखी एक डाव ओळखा. "घरचे लक्ष ठेवतात" म्हणून रात्रपाळीच्या आया कमी करणारे व्यवस्थापन आम्हाला मान्य नाही. नातेवाइकांची नजर ही फुकटची नोकरी नव्हे. तुटपुंज्या पगारावर राबणारी आया आमची वैरी नाही, ती आमचीच बहीण आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. नातेवाइकांनी सांगितलेला बदल तारीखवार वहीत लिहावा.
२. त्याच दिवशी परिचारिकेने तपासून उत्तर द्यावे. गरज पडल्यास डॉक्टर बोलवावा.
३. परगावच्या मुलांना ठरल्या वेळी फोनवर बोलू द्यावे.
४. आजारी आईबापांना भेटण्यासाठी रजा नाकारू नये.
५. आयांची संख्या व वेतन वाढवावे.

रेल्वे आणि टपाल खात्यातील साथींनो, आपल्या शाखेत या मागण्यांचा ठराव करा. ज्यांनी गाड्या चालवल्या, दारोदार पत्रे पोहोचवली, त्यांच्या दुखण्याची खबर वेळेवर पोहोचलीच पाहिजे!