डॉकरमध्ये टाकलं की झालं?

मंडळी, आमच्या धंद्यात हल्ली दोनच मंत्र चालतात. जुनं काही दिसलं की 'डॉकरमध्ये टाक', आणि त्याचाही कंटाळा आला की 'गूगलवर टाकून मोकळा हो'. गेल्या महिन्यात मला दोन्ही सल्ले मिळाले. दोन्ही पटत नाहीत, का ते सांगतो.

पिंगुळीच्या घरी एका जुन्या पीसीवर आमच्या कुटुंबाचं कॅलेंडर चालतं. पुणे, मुंबई, कुडाळ असे विखुरलेले आम्ही सगळे त्यावरच. चौदा वर्षांच्या नोंदी आहेत. खाली पीएचपी ५.६, ज्याच्या सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०१८ मध्येच थांबल्या. हलवायला हवं, यात वादच नाही. पण तोच पीएचपी उचलून कंटेनरमध्ये ठेवणं म्हणजे ओल लागलेलं धान्य नव्या डब्यात भरणं. डबा चकाचक, बुरशी तीच!

कॅलेंडरचा जीव असतो आयकॅलेंडर (१९९८) आणि कॅलडॅव्ह (२००७) या खुल्या मानकांत. म्हणून आधी नोंदी आयसीएस फायलींत काढा. यूआयडी जपा, नाहीतर पुन्हा इम्पोर्ट करताना प्रत्येक नोंद दुप्पट होते. मग रॅडिकाले किंवा बायकलची ताजी आवृत्ती कंटेनरमध्ये चालवा, 'लेटेस्ट' न लिहिता नेमका आकडा देऊन. डेटा कंटेनरबाहेर, व्हॉल्यूममध्ये. आणि बॅकअप एकदा परत चढवून बघाच. न तपासलेला बॅकअप ही निव्वळ श्रद्धा आहे.

'मग गूगल काय वाईट?' काही वाईट नाही, छान चालतं. पण मालक तुम्ही नाही. अ‍ॅपलने २०१८ मध्ये मॅकओएस सर्व्हरमधली कॅलेंडर सेवा काढली, २०२२ मध्ये तो सर्व्हरच बंद केला. एवढी मोठी कंपनी, पण तिचं गणित बदललं की तुमची सोय संपली.

आणि आमच्या तारखा तर कुठल्याच सर्व्हरला कळत नाहीत. सण तिथीवर, त्यामुळे 'दरवर्षी रिपीट' हा पर्याय बिनकामाचा. २०१५ च्या आरएफसी ७५२९ ने इतर कालगणनांची सोय केली खरी, पण त्यात 'भारतीय' म्हणून मिळतं ते १९५७ चं सरकारी सौर शक कॅलेंडर. त्यावर कोण श्राद्ध घालतं? आंगणेवाडीच्या जत्रेला तर ठरलेली तिथीही नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. लिहा बघू याचा रिकरन्स रूल :)

म्हणून दरवर्षी काकूचा फोन येतो, "तारीख ठरली मरे", आणि कुणीतरी हाताने नोंद घालतं. चौदा वर्षांची ही मेहनत कुठून डाउनलोड होणार?

आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीत (याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली) कथेची चित्रं सुट्या पानांवर असतात. पान जीर्ण झालं तर नवं रंगवता येतं, कथा पुढे चालू राहते. सॉफ्टवेअर म्हणजे ते पान.

तेव्हा कंटेनर जरूर वापरा, मीही वापरतोय. फक्त 'डॉकर कंपोज अप' मारण्याआधी स्वतःला विचारा, उद्या हा कंटेनर पुसला गेला तर हातात काय उरेल? उत्तर 'काही नाही' असेल तर तुम्ही नुसता पत्ता बदललाय.

असो. या वीकएंडला एवढंच.