धानाच्या बांधीतल्या गव्हाला स्फुरद पेरणीतच द्या



गोंदिया जिल्हा धानाचा. धान निघालं की कुणी लाखोळी घेतं, कुणी हरभरा, आणि पाण्याची सोय असेल तो गहू पेरतो. गव्हाला खत म्हणून बरेच जण पहिल्या पाण्यासोबत युरिया फेकतात आणि मोकळे होतात. युरिया लागतोच. पण बांधीतल्या गव्हाला त्याआधी स्फुरद लागतं.

धानाला स्फुरद कमी पडलं तरी ते निभावून नेतं. बांधीत पाणी साचलेलं असताना मातीतल्या लोहाने धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं. पाणी आटून माती सुकली की तेच लोह त्याला पुन्हा घट्ट धरतं. गहू नेमका याच वेळी पेरला जातो, त्यात थंडी. थंड मातीत स्फुरद मुळांपर्यंत आणखी हळू पोचतं. मुळं वाढत नाहीत, फुटवे थोडे येतात, म्हणजे ओंब्याही थोड्याच. फसगत अशी की पानं गडद हिरवी दिसतात, कधी जांभळट छटा येते, आणि आपण पीक ठीक आहे म्हणून पुढे जातो. नंतर युरिया कितीही टाका, गेलेले फुटवे परत येत नाहीत.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला साधारण शिफारस हेक्टरी ६० किलो स्फुरदाची, म्हणजे एकरी २४ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या एका बॅगेत ते २३ किलो असतं. डीएपी मिळत नाही म्हणून पेरणी लांबवू नका. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३ बॅगा आणि २० किलो युरिया यांत तेवढंच स्फुरद, तेवढंच नत्र मिळतं, वर गंधक मिळतं ते वेगळंच.

खत दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या थोडं खाली पडू द्या. स्फुरद जागचं फारसं हलत नाही. उभ्या पिकात वरून फेकलेलं डीएपी बहुतेक वरच्या मातीतच अडकतं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लावा, सावलीत सुकवा. हे जिवाणू रासायनिक खतात मात्र मिसळू नका.

दरवर्षी डोळे झाकून जादा स्फुरदही नको. त्याने जस्ताची कमतरता वाढते आणि पुढच्या धानाच्या पानांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. उन्हाळ्यात बांधीतल्या पाच-सहा जागांची वीतभर खोलीची माती एकत्र करून तपासायला द्या. कुठे द्यायची ते हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तुमच्या कृषी सहायकाला विचारा. अहवालात स्फुरद भरपूर निघालं तर त्यांच्याच सल्ल्याने मात्रा कमी करा. यंदा तपासणी राहिली असेल, तर शिफारशीएवढं द्या आणि पेरणी उरका.