आत्याचा व्हिसा आणि चौथीचा वर्ग : मतभेद कसे मांडायचे?



आज पाठ्यपुस्तकाबाहेरचा विषय घेते आहे. विषय ऑस्ट्रेलियातला आहे, पण तो आपल्या वर्गाशी कसा येऊन भिडतो ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

2025 सालची 31 ऑगस्ट ही तारीख. रविवार होता आणि गौरी आवाहनाचा दिवस. मी आत्याकडे मदतीला गेले होते. दुपारी गौरी बसल्या आणि आत्याने मेलबर्नला तिच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. दादा तिथे 11 वर्षं आहे. वहिनींनीही फ्लॅटमध्ये छोट्याशा गौरी मांडल्या होत्या, पण फुलं नव्हती. आत्याने विचारलं, "अगं, आज तरी फुलं आणायचीस." वहिनी म्हणाल्या, "आई, आज शहरात मोर्चा होता. ओळखीच्या सगळ्यांनी सांगितलं, आज तिकडे फिरकू नका."

मोर्चा होता बाहेरून येणाऱ्या लोकांच्या विरोधात. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या अनेक शहरांत 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' नावाचे मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचाराच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेतलेलं होतं. मेलबर्नला तर संसद भवनाच्या पायऱ्यांवर नव-नाझी गटाचा म्होरक्या भाषण करून गेला. सरकारने या मोर्चांचा निषेध केला. पुढच्याच आठवड्यात विरोधी पक्षातल्या खासदार जसिंता नम्पिजिन्पा प्राइस यांनी भारतीय स्थलांतरितांच्या मतांबद्दल एक विधान केलं, त्यावरून गदारोळ झाला, त्यांचं पक्षातलं पद गेलं आणि पक्षाच्या नेत्या सुझन ले यांनी भारतीय समाजाची माफी मागितली.

आत्याला हे सगळं ऐकून एकच प्रश्न पडला, "मग माझ्या व्हिसाचं काय?"

आत्या 68 वर्षांची आहे. काका गेल्यापासून एकटीच असते. दादाला तिला कायमचं तिकडे न्यायचं आहे. म्हणजे बघा, ज्या वादाची आपण मोबाईलवर नुसती बातमी वाचतो, त्या वादाच्या बरोबर मधोमध आमची आत्या उभी आहे.

एका घरात तीन मतं

नंतरच्या महिनाभरात दादा-वहिनींशी खूप बोलणं झालं. आपल्याला इथून वाटतं की तिथे दोनच बाजू असतील, एक स्थलांतरितांची आणि एक गोऱ्यांची. प्रत्यक्षात तसं काहीच नाही.

दादांच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचे आईवडील दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आले. आजोबा म्हणतात, "माणसं फार वेगाने येताहेत. माझ्या नातीला भाड्याने घर मिळत नाही." पण हेच आजोबा सरकारी खर्चाच्या बाजूचे आहेत. अपंगांसाठी तिथे 'एनडीआयएस' नावाची मोठी योजना आहे. त्यांच्या पणतवाला बोलायला त्रास होतो, त्याचे उपचार त्यातून होतात. त्या योजनेतला एक डॉलरही कमी करू नये असं त्यांचं मत.

दादा स्वतः स्थलांतरित, पण त्याला वाटतं सरकार वारेमाप खर्च करतं. एनडीआयएसचा वर्षाचा खर्च 4,000 कोटी डॉलरच्या वर गेलाय आणि तो आमच्या करातून जातो, असं तो म्हणतो. वहिनी वृद्धाश्रमात नर्स आहेत. त्या म्हणतात, "माणसंही येऊ द्या आणि खर्चही करा. आमच्या ड्युटीवर निम्म्याहून जास्त लोक नेपाळ, फिलिपिन्स, केरळचे आहेत. आम्ही नसलो तर या म्हाताऱ्या माणसांना अंघोळ कोण घालणार?"

तिघंही चांगली माणसं आहेत. आजोबांनी तर गौरीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बागेतली फुलं आणून दिली. म्हणून मला वाटतं, जे पत्रक माणसाचा देश बघून बोट दाखवतं आणि जे आजोबा "घरं किती, माणसं किती" असं विचारतात, त्या दोघांना एकाच पारड्यात टाकणं अन्याय होईल. पहिल्याला ठाम विरोध करायचा. दुसऱ्याला उत्तर द्यायचं. आणि उत्तर द्यायचं तर आधी हिशेब नीट मांडावा लागतो.

श्रुतलेखनाची एक जुनी गोष्ट

भारतीय माणूस या विषयावर एवढा हळवा का, हे समजायला थोडा इतिहास हवा. 1901 साली ऑस्ट्रेलियाने कायदा केला की येणाऱ्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत 50 शब्दांचं श्रुतलेखन घालता येईल. भाषा अधिकाऱ्याने निवडायची! रंगाने गोरा नसलेला माणूस इंग्रजी जाणत असेल तर त्याला दुसरीच भाषा द्यायची, की झाला नापास. 1934 मध्ये एगॉन किश नावाच्या लेखकाला, त्याची राजकीय मतं नको होती म्हणून, अडवायचं होतं. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या. म्हणून त्याला स्कॉटिश गेलिक भाषेत श्रुतलेखन घातलं. शेवटी तिथल्या उच्चतम न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली.

आपण शिक्षक श्रुतलेखन घेतो ते मुलाला लिहिता यावं म्हणून. तिथे ते घेतलं जायचं माणूस नापास व्हावा म्हणून. ही परीक्षा 1958 मध्ये बंद झाली आणि 'गोरा ऑस्ट्रेलिया' धोरणाचा उरलासुरला भाग 1973 मध्ये गेला. 2021 च्या जनगणनेप्रमाणे तिथल्या साधारण 28 टक्के लोकांचा जन्म परदेशातला होता. भारतात जन्मलेले तेव्हा 6 लाख 73 हजारांच्या वर होते, इंग्लंडच्या खालोखाल दुसरा क्रमांक. एवढा मोठा बदल पन्नास वर्षांत झाला. तो पचवताना घरोघरी वाद होणारच.

वादाआधी विचारायचे तीन प्रश्न

आता मुद्द्यावर येते. ही सगळी चर्चा ऐकताना मला जाणवलं की बहुतेक भांडणं मतांची नसतातच, अर्धवट हिशेबाची असतात. म्हणून मी तीन प्रश्न काढले.

पहिला प्रश्न, नेमकं कोणाबद्दल बोलतोय? 2022-23 मध्ये ऑस्ट्रेलियात आलेल्या आणि गेलेल्या माणसांतला फरक 5 लाखांच्या वर गेला, हे खरं आहे. पण करोनात मार्च 2020 पासून सीमा बंद होत्या. त्या उघडल्यावर अडकलेले विद्यार्थी एकदम आले आणि परत जाणारे कमी होते. नंतर तो आकडा खाली आला. कायम राहण्याच्या परवानग्या 2025-26 साठी 1 लाख 85 हजार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आधीच तिथे राहणाऱ्यांना मिळतात. विद्यार्थ्याला मेडिकेअर ही सरकारी आरोग्य सेवा मिळत नाही, विमा स्वतःच काढावा लागतो. त्याच्या व्हिसाची फी 2024 च्या मध्यापर्यंत 710 डॉलर होती, ती वर्षभरात 2,000 डॉलर झाली. एनडीआयएसमध्ये तात्पुरत्या व्हिसावाल्याला प्रवेशच नाही. नव्याने कायमचा झालेल्यालाही बेरोजगार भत्त्यासाठी 4 वर्षं थांबावं लागतं. मग "बाहेरून येतात आणि आमच्या पैशावर जगतात" हे वाक्य यातल्या कोणाला लागू पडतं?

दुसरा प्रश्न, किती वर्षांचा हिशेब? इथे मात्र आमची आत्या अडचणीत येते. तरुण, शिकलेला माणूस आला तर तो पुढची तीस वर्षं कर भरतो. पण म्हातारे आईवडील आले तर दवाखान्याचा खर्च मोठा. तिथल्या उत्पादकता आयोगाने 2016 च्या अहवालात अंदाज मांडला की पालक व्हिसावर आलेल्या एका माणसामागे सरकारला आयुष्यभरात 3 लाख 35 हजार ते 4 लाख 10 हजार डॉलर पडतात. म्हणून वर्षाला 8,500 च जागा आणि रांगेत लाखाच्या वर माणसं. बिनपैशाच्या रांगेत लागलं तर 30 वर्षांची वाट. आत्या तेव्हा 98 वर्षांची होईल! लवकरची म्हणतात त्या रांगेत माणशी 40 हजार डॉलरच्या वर भरायचे, आणि तीही आता वर्षानुवर्षं सरकत नाही. शिवाय निम्मी मुलं तरी तिकडे हवीत असा नियम आहे. आत्याला दोन मुलं, दादा तिकडे आणि ताई नाशिकला, म्हणजे काठावर पास.

हे वाचून मला आधी राग आला. मग वाटलं, आकडा खोटा नाही. आजोबांनी विचारलं की "हा खर्च कोण करणार?" तर तो प्रश्न वाईट नाही.

पण हिशेब करायचाच तर पूर्ण करूया ना! दादा आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, पुढे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. त्याच्या शिक्षकांचे पगार, त्याची पुस्तकं, त्याची लसीकरणं महाराष्ट्राच्या करातून झाली. ऑस्ट्रेलियाला तो चोविसाव्या वर्षी तयार मिळाला. त्याला वाढवण्याचा खर्च त्यांच्या वहीत कुठेच नाही, कारण तो आत्याने आणि आपण केला. शिवाय तो अहवाल एकट्या आईचा खर्च मोजतो. आई घरी असल्यामुळे वहिनी जादा ड्युटी करू शकतील, नातवाला पाळणाघर लागणार नाही, हे मोजायला अवघड म्हणून मागे पडतं.

तिसरा प्रश्न, पैसा कोणाच्या खिशातून जातो आणि कोणाच्या खिशात येतो? माणसं किती येऊ द्यायची हे कॅनबेराचं केंद्र सरकार ठरवतं. आयकरही तेच गोळा करतं. पण सरकारी शाळा, दवाखाने, लोकल ट्रेन चालवायच्या राज्यांनी. म्हणून मेलबर्नच्या टोकाच्या उपनगरात वर्ग भरून वाहतो तेव्हा तिथल्या पालकाला कराचा फायदा दिसत नाही, गर्दी दिसते. त्याची तक्रार खरी असते, फक्त बोट चुकीच्या माणसाकडे जातं. घरांचंही तसंच. माणसं वाढली की भाडं वाढतं हे कबूल. पण 2021 मध्ये सीमा बंद असतानाही घरांच्या किमती वर्षात पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढल्या, कारण कर्जाचं व्याज अगदी नाममात्र होतं. एकच कारण पकडून बसलं की असं होतं.

हे तीन प्रश्न विचारूनही मतभेद उरतात. उरूद्यात. म्हाताऱ्या आईने मुलाजवळ राहणं हा हक्क मानायचा की सवलत, हे कुठलाही आकडा सांगणार नाही. तिथे प्रत्येकाने आपलं मत स्पष्ट सांगावं. माझं मत सांगते. ज्या देशाने मुलगा घेतला, त्याने त्याच्या एकट्या आईसाठी 30 वर्षांची रांग लावू नये. फी घ्या, आरोग्य विमा सक्तीचा करा, पण माणूस जिवंत असताना उत्तर द्या.

आणि आपला वर्ग?

डिसेंबरमध्ये मी चौथीच्या वर्गात एक प्रश्न फळ्यावर लिहिला : 'गावात 20 नवी कुटुंबे आली. टाकीतले पाणी तेवढेच आहे. काय करावे?' पाच-सहा मुलं लगेच म्हणाली, "बाई, त्यांना जायला सांगा." आमच्या सातारा जिल्ह्यात त्या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात. बीडहून आलेली एक मुलगी मागच्या बाकावर होती. ती हळूच म्हणाली, "आमी पानी भरतो, पन ऊस बी आमीच तोडतो." वर्ग गप्प झाला.

खरं सांगते, मेलबर्नच्या पत्रकावर चिडलेली मी, माझ्याच वर्गातल्या मुलांना हे कोणी शिकवलं याचा विचार करत घरी आले. कोणी म्हणजे कोण, आपणच. "हे बाहेरचे लोक आले आणि आपलं सगळं बिघडलं" हे वाक्य मुलं आपल्या जेवणाच्या ताटावर ऐकतात.

दुसऱ्या दिवशी तेच तीन प्रश्न सोपे करून विचारले. कोण आलंय? किती महिने राहणार? पाणी कोण वापरतं आणि टाकीचे पैसे कोण देतं? मग मुलांनी स्वतःच तोडगे काढले. नळाची वेळ वाढवा, कारखान्याकडून टँकर मागा. एक जण शेवटपर्यंत म्हणाला, "तरी पण आधी गावाला पाणी." मी त्याला गप्प केलं नाही. फक्त म्हटलं, कारण सांग. त्याने सांगितलं, आणि त्या मुलीनेही त्याला उत्तर दिलं. दोघं मधल्या सुट्टीत एकत्र खेळली.

तुम्हीही हा प्रयोग वर्गात किंवा घरी करून बघा. उत्तर तुम्ही देऊ नका, प्रश्न द्या.

आत्याचं काय झालं? दादाने अर्ज भरलाय. तोवर तीन वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा मिळतो का ते बघताहेत. आत्या म्हणते, "नंबर लागेल तेव्हा लागेल. त्या आजोबांना माझा नमस्कार सांग. फुलं दिली त्यांनी."