हजेरी कोणाची घ्यायची?

परवा जावई आणि नात सोनिवलीला येणार म्हणून मी बदलापूरच्या बाजारातून शेवंड आणली. साफ करताना सौ. म्हणाली, "अहो, हिच्या पोटाखाली अंडी आहेत." नारिंगी दाण्यांचा घोसच होता. नातीने विचारलं, "आजोबा, मग ही कशाला आणलीत?" मला उत्तर देता आलं नाही. शेवंड मात्र आम्ही खाल्ली.

मी मराठीचा बीए. तरी शिक्षक कमी म्हणून सातवीला विज्ञानही शिकवलं. अन्नसाखळी फळ्यावर कितीदा काढली असेल! तिचा खरा अर्थ निवृत्तीनंतर वाचताना कळला. न्यूझीलंडमध्ये लीगजवळ १९७५ साली समुद्राचा एक तुकडा राखीव केला. बाहेर शेवंड आणि मोठे मासे पकडले गेल्याने अंगभर काटे असलेले समुद्री साळू माजले होते. त्यांनी शैवालाची रानं खाऊन खडक उघडे पाडले होते. राखीव भागात शेवंड आणि मासे वाढले, साळू आटोक्यात आले आणि रान परतलं. पुढे तिथलीही शेवंड घटली. ते कळलं, कारण पाण्याखाली मोजदाद चालू होती.

आपल्याकडे काय झालं? मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत अंड्यांसकट येत राहिली आणि १९९४ पर्यंत तिची मासेमारीच संपली. २००३ साली निर्यातीसाठी किमान वजन ठरलं. आपल्या किनाऱ्यावरच्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम. पण ती अट परदेशी ताटाला, आपल्या नव्हे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, हे चांगलंच झालं.

पण मंडळी, आपली आकडेवारी मुख्यतः बंदरावर उतरलेल्या मासळीची असते. म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांचे दाखले मोजायचे आणि वर्गात किती उरले ते पाहायचंच नाही! मी चाळीस वर्षं हजेरी घेतली, ती वर्गात बसलेल्यांची. मालवणसारख्या खडकाळ किनाऱ्यावर पाण्याखालची शेवंड दरवर्षी मोजावी, आणि त्या कामात तिथल्या मच्छीमारांना मानधन देऊन घ्यावं. खडक त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

आणि आपण? अंडी असलेली शेवंड विकत घ्यायची नाही, आणि का ते मासळीवालीला सांगायचं. मेलेली शेवंड त्याने परतणार नाही, हे मलाही कळतं. पण गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर पुढची कदाचित पाण्यात सोडली जाईल. नातीला आता एवढं उत्तर तरी देता येईल.